कानाला दडा बसलाय? थेंब टाकण्याआधी आणि टाकताना

दिवाळी झाली की आमच्या दुकानात एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. मान एका बाजूला कललेली, तळहात कानावर आणि आवाज नेहमीपेक्षा चढलेला. "पहिल्या आंघोळीपासून कानाला दडा बसलाय हो. टाकायला काहीतरी द्या." चिपळूणला औषधाच्या काउंटरमागे उभं राहून मला बरीच वर्षं झाली. दिवाळीत अभ्यंगस्नान, मे महिन्यात नदीत डुंबणं आणि पावसाळ्यात रोजचं भिजणं, एवढी कारणं सोडली तर संवाद तोच असतो.

त्यांना वाटतं, कानात पाणी अडकलंय. पाणी बहुधा केव्हाच निघून गेलेलं असतं. ते शोषून मळ फुगलेला असतो. कानाची नळी आधीपासूनच भरत आलेली असते, पण केसाएवढी फट उरली तरी ऐकू नीट येतं, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. डोक्यावर तांब्या ओतला, मळ फुगला, फट बुजली आणि कान बंद.

ज्यांनी कानात असे थेंब कधीच टाकलेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, औषधं देणारी आहे. त्यामुळे बाटली कधी द्यायची नाही हेही मला शिकावं लागलं. त्यातलं एक चुकून शिकले, ते पुढे सांगते.

आधी मळ म्हणजे काय ते बघू, म्हणजे थेंबांचं काम कळेल. कानाची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी तिच्या फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात असतात. आतल्या, पडद्यालगतच्या भागात मळ बनतच नाही. तिथे तो सापडला तर बहुधा कुणीतरी तो आत ठोसलेला असतो, आणि तो कुणीतरी म्हणजे आपणच. नळीची कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेला नख वाढावं तशा संथ गतीने सरकत असते. जेवताना-बोलताना जबडा हलतो, त्याचीही मदत होते, आणि जुना मळ आपोआप बाहेर येऊन गळतो. मळ घाण नव्हे. तो किंचित आम्लधर्मी आणि चिकट असतो, धूळ धरतो, पाणी थोपवतो, जंतूंना रोखतो. हा सरकता पट्टा मध्येच अडला तरच आपलं काम सुरू होतं, आणि तेही मळ ओढून काढण्याचं नाही. अडलेला खडा मऊ करायचा, पुढचं कानावर सोपवायचं. दडा बसलेला नाही, खाज नाही, कुणी तपासायला सांगितलेलं नाही, तर मळ दिसतो म्हणून काही टाकू नका.

आधी ठरवा: हा मळच आहे का?

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया.

काही वर्षांपूर्वी एक शिक्षक आले. सकाळी उठले तो उजव्या कानाने ऐकू येईना, कानात सतत शिट्टी. आंघोळ नाही, पोहणं नाही, सर्दी नाही. मी मळाचे थेंब दिले. पाच दिवसांनी फरक नाही म्हणून पुन्हा आले, मी म्हटलं अजून पाच दिवस टाका. शेवटी ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा कळलं की कान स्वच्छ आहे, दगा ऐकण्याच्या नसेने दिलाय. या दुखण्यात पहिल्या काही दिवसांतच स्टिरॉइड सुरू केलं तर ऐकू परत येण्याची आशा जास्त असते. त्यांचे दहा दिवस माझ्या बाटलीने खाल्ले.

तेव्हापासून मी काउंटरवरच एक छोटी परीक्षा घेते. घरी तुम्हीही करू शकता. तोंड मिटून 'म्म्म' असा लांब हुंकार द्या आणि तो कुठल्या कानात मोठा वाजतो ते बघा. मळाने कान बंद असेल तर हुंकार बंद कानातच जोरात घुमतो. बोट घालून एक कान बंद करून बघा, लगेच पटेल. पण हुंकार चांगल्या कानाकडे सरकला तर दोष आतल्या नसेचा असू शकतो. मग थेंब नाहीत, त्याच दिवशी डॉक्टर. ही परीक्षा पक्की नाही, नुसता इशारा आहे. ऐकणं एकाएकी गेलं आणि त्याला पाण्याचं निमित्त नसेल तर हुंकार कुठेही वाजो, वाट बघू नका.

आणखी कुणी थेंब टाकायचे नाहीत? कान वाहतोय किंवा आधी कधी फुटलाय. पडद्याला भोक आहे असं कधी सांगितलंय. कानाचं ऑपरेशन झालंय किंवा पडद्यात छोटी नळी बसवलेली आहे. कान ठणकतोय, ताप आहे, कानाची पाळी ओढली की कळ येते. चक्कर येतेय. दुसऱ्या कानाने मुळातच ऐकू येत नाही आणि हा एकच चालू आहे. यातलं एकही लागू असेल तर बाटली ठेवून द्या. मधुमेह असलेल्यांनीही स्वतःहून प्रयोग करू नयेत, त्यांच्या नळीतली साधी जखमही चिघळून हाडापर्यंत जाऊ शकते. लहान मुलांचं काहीही असो, आधी डॉक्टरांना कान दाखवा. मुलाच्या कानात कधीकधी मळाऐवजी हरभऱ्याचा दाणा निघतो, आणि थेंबांनी तो फुगतो.

कोकणातल्या लोकांसाठी आणखी एक. पावसाळ्यात कान गच्च वाटतो, पण त्याहून जास्त खाजतो, आणि आतून ओल्या कागदाच्या लगद्यासारखं काहीतरी निघतं, त्यावर काळे ठिपके. ही बुरशी आहे. तिच्यावर तेल टाकणं म्हणजे तिला पोसणं. तिचे थेंब वेगळे, आणि आधी डॉक्टर आतलं साफ करतात.

काय टाकायचं?

मळाचा मोठा भाग म्हणजे मेलेल्या कातडीचे पापुद्रे, उरलेला स्निग्ध पदार्थ. म्हणून मऊ करणारी द्रव्यंही दोन घराण्यांची आहेत. तेलं मळाला वंगण देतात, खडा नळीपासून सुटतो, पण विरघळत नाही. पाण्यात बनवलेले थेंब त्या पापुद्र्यांत शिरतात, ते फुगतात आणि खडा भुसभुशीत होतो.

त्यातलं चांगलं कुठलं? २०१८ साली कॉक्रेनने, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या जागतिक संस्थेने, १० अभ्यास, म्हणजे ६२३ माणसं, एकत्र करून हाच प्रश्न तपासला. कुठलेही थेंब दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. साध्या पाण्यापेक्षा किंवा सलाइनपेक्षा (मिठाच्या पाण्यापेक्षा) औषधी थेंब बरे, असंही ठामपणे म्हणता आलं नाही. माझ्या धंद्याला ही गोष्ट सोयीची नाही, पण खरी आहे. तेव्हा महाग बाटलीच्या मागे लागू नका. कातडीला कमीत कमी त्रास देणारं निवडा.

पहिल्यांदा टाकणाऱ्याला मी साधं तेल सुचवते, ऑलिव्ह किंवा बदामाचं. इथे लेबल वाचा. 'बदाम तेल' म्हणून केसांसाठी जी बाटली विकतात तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत बरेचदा खनिज तेल, सुवास आणि रंग असतो, बदाम नावालाच. बाळाच्या मालिशच्या तेलाचंही तेच. घटकांच्या यादीत एकच नाव असेल ती बाटली घ्या. सुक्या मेव्याची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर बदामाचं आणि शेंगदाण्याचं तेल वर्ज्य. खोबरेल चालतं, फक्त थंडीत गोठलेलं नको. मोहरीचं तेल झोंबतं, ते स्वयंपाकघरातच राहू दे.

दुसरा पर्याय सोडा-ग्लिसरीनचे किंवा ५ टक्के सोडियम बायकार्बोनेटचे थेंब. जुने डॉक्टर अजून हेच लिहून देतात. घट्ट जुन्या खड्यावर मला हे तेलापेक्षा उजवे वाटतात, पण जास्त दिवस टाकले तर नळी कोरडी पडते. हे घरी कालवू नका. प्रमाण चुकतं, आणि एका घरात खायच्या सोड्याच्या जागी धुण्याचा सोडा हाती आल्याचं मी ऐकलंय. तो कातडी भाजतो.

'मळाचे थेंब द्या' म्हटलं की दुकानातून बहुधा मिळते ती तिसरीच गोष्ट: पॅराडायक्लोरोबेंझीन, क्लोरब्युटॉल, टर्पेंटाइन तेल आणि बधिर करणारं बेंझोकेन यांचं मिश्रण. त्याने काम होतं, पण नाजूक कातडीला चुरचुरतं, आणि बधिरपणामुळे दुखत असलं तरी कळत नाही. हे डॉक्टरांनी सांगितलं तरच, सांगितले तितकेच दिवस.

हायड्रोजन पेरॉक्साइडची फसफस लोकांना फार आवडते, काहीतरी होतंय असं वाटतं ना. पण आपल्याकडे ते बहुतेक ६ टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. ते कानासाठी तीव्र आहे. पहिल्या खेपेला याच्या वाटेला जाऊ नका.

राहिलं लसणीचं तेल. आजी पळीत तेल घ्यायची, दोन पाकळ्या टाकून विस्तवावर धरायची, पाकळ्या तांबूस झाल्या की कापसाने कानात. तिच्या मायेबद्दल शंका नाही, पण त्या पळीतलं तेल नक्की किती गरम आहे हे कानाला लागेपर्यंत कळत नाही.

टाकायचं कसं?

बाटली थेट कपाटातून काढून वापरू नका. दहा मिनिटं मुठीत किंवा खिशात ठेवा, अंगाइतकी कोमट झाली पाहिजे. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून बघा: गार लागला नाही, गरमही लागला नाही, की झालं.

हा हट्ट उगाच नाही. व्हिएन्नातल्या रॉबर्ट बारानी या डॉक्टरच्या लक्षात आलं की कान धुताना पाणी गार असलं तर रुग्णांना गरगरतं आणि त्यांचे डोळे एका दिशेला झटके देतात. गरम असलं तर झटके उलट दिशेला. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या ज्या अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत त्यांतला द्रव तापमानाच्या फरकाने हलतो, म्हणून हे होतं. या कामासाठी बारानीला १९१४ चं नोबेल मिळालं. तुम्हाला फ्रिजमधून काढलेल्या थेंबांनी फक्त भोवळ मिळेल.

आता आडवे व्हा, बंद कान वर. उशीवर जुना टॉवेल टाका, हे विसरू नका, डाग पिवळट तपकिरी असतात आणि सहज जात नाहीत. एका हाताने पाळीचा वरचा भाग हलकेच वर आणि मागे ओढा. नळी वाकडी असते, ती सरळ होते. दुसऱ्या हाताने दोन-तीन थेंब नळीच्या भिंतीवर सोडा, मधोमध नाही. मधोमध पडले तर हवेचा बुडबुडा खाली अडकतो आणि थेंब वर तरंगत राहतात. ड्रॉपरचं टोक कानाला लावू नका, नाहीतर कानातली घाण बाटलीत जाते. स्वतःचं स्वतः टाकायला हात वळत नाही, घरातल्या कुणाला तरी बोलवा.

थेंब पडले की कानाच्या भोकासमोर जो मऊ उंचवटा असतो, ज्याने आपण गोंगाटात कान बंद करतो, तो बोटाने पाच-सहा वेळा हळू दाबा-सोडा. आत 'गुडुप' असा आवाज आला की द्रव खाली उतरला. मग पाच ते दहा मिनिटं तसेच पडून राहा. उठताना कानाखाली रुमाल धरा, बाहेर येईल तेवढं टिपून घ्या. आत कापसाचा बोळा कोंबू नका. टाकलेलं सगळं तोच पिऊन टाकतो.

असं दिवसातून तीन-चार वेळा, तीन ते पाच दिवस. नोकरी करणाऱ्याला चार वेळा जमत नाही, मान्य. सकाळी उठल्यावर, कामावरून आल्यावर आणि झोपताना, एवढं केलंत तरी पुरे. दोन्ही कान बंद असतील तर एकाचं पडून राहणं झालं की मगच दुसरा.

मधले दिवस

दुसऱ्या दिवशी मला हमखास फोन येतो: "तुमच्या औषधाने होता नव्हता तो कानही बंद झाला." होतो. मळ पाणी पिऊन आणखी फुगतो, उरलीसुरली फट बुजते. एक-दोन दिवस ऐकू कमी येईल हे धरूनच सुरुवात करा. दुसऱ्या दिवशी लग्न, मुलाखत किंवा लांबचं गाडी चालवणं असेल तर ते उरकून मग थेंब सुरू करा.

थोडी गुदगुदी, ओलसरपणा चालेल. जळजळ, ठणका, चक्कर किंवा रक्त दिसलं तर तिथेच थांबा.

खडा एकदम 'टप्' करून पडेल अशी वाट बघू नका. बहुतेकांचा मळ रात्री झोपेत थोडाथोडा बाहेर येतो, टॉवेलवर नुसता तपकिरी ओघळ दिसतो. पूर्ण मोकळं व्हायला दोन आठवडेही लागतात. पाच दिवसांनंतर थेंब थांबवा आणि कानाला त्याचं काम करू द्या. वाढवून दहा दिवस करू नका. शिक्षकांचा किस्सा आठवा.

नाहीच निघाला तर

डॉक्टरांकडे जा, आणि मऊ केलेला कान घेऊनच जा. दगडासारखा खडा आकड्याने किंवा सक्शनने काढताना जीव जातो, मऊ झालेला दोन मिनिटांत येतो. सक्शनचा आवाज कानात विमान उडाल्यासारखा मोठा असतो, माहीत असलं म्हणजे माणूस दचकून मान हलवत नाही. पिचकारीने धुणार असतील तर पडदा शाबूत आहे ना, हे आधी विचारा. हाताने दाबायची जुनी मोठी पिचकारी वापरू नका, असं ब्रिटनमध्ये उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या नाइस या संस्थेने २०१८ साली तिथल्या डॉक्टरांना सांगितलं, कारण तिचा दाब हाताच्या अंदाजावर चालतो.

घरी रबरी फुग्याच्या पिचकारीने धुवू का, असं विचारतात. माझं उत्तर नाही असंच असतं. पडद्याला भोक असलं तर ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. आंघोळीच्या वेळी कोमट पाणी कानात हलकेच जाऊ द्या, डोकं कलवून काढून टाका आणि टॉवेलच्या टोकाने बाहेरचं टिपा, एवढ्यावर थांबा.

कापसाच्या काड्या, केसांचा आकडा, गाडीची चावी, आगपेटीची काडी आणि चांदीचं ते नक्षीदार कानकोरणं यांच्याबद्दल एकच सांगते: जेवढं बाहेर आलेलं दिसतं त्याच्या कितीतरी पट आत ढकललं जातं. काडी फिरवताना मध्येच खोकला येतो ना? नळीत घशाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेची एक फांदी आहे, तिला धक्का लागला की ठसका येतो. हल्ली फोनवर चित्र दाखवणारी कॅमेऱ्याची कानकोरणी मिळतात. चित्र छान दिसतं, पण पडदा किती जवळ आहे ते सपाट चित्रात कळत नाही, आणि शेजारी कुणाचा धक्का लागला की संपलं. कानात मेणबत्ती लावायची टूम तर अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानेही धोकादायक ठरवली आहे. तळाशी जे मेण दिसतं ते मेणबत्तीचंच.

काही जणांना हे पुन्हापुन्हा होतं: नळी अरुंद, कानात केस दाट, वय झालेलं किंवा कानात ऐकू येण्याचं मशीन. मशीन मळाला वाटेतच अडवतं. आमच्या सासऱ्यांचं मशीन शिट्टी मारायला लागलं की आम्ही सेल बदलायचो, दोनदा दुरुस्तीलाही पाठवलं. दोष मशीनमध्ये नव्हताच, कान भरलेला होता. मळावर आपटून आवाज परत फिरतो आणि मशीन किंचाळतं. आता दर सहा महिन्यांनी डॉक्टर त्यांचा कान बघतात, आणि त्यांच्याच सांगण्यावरून आठवड्यातून एकदा रात्री, मशीन काढल्यावर, दोन थेंब तेल घालतो. सकाळी कान टिपून कोरडा झाल्यावरच मशीन चढवायचं, नाहीतर तेल आत जाऊन जाळी बुजते.

आणि बाटली. औषधी थेंब असतील तर उघडल्याच्या दिवशीच लेबलवर पेनाने तारीख घाला. पत्रकात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर महिन्याभराने टाकून द्या, अर्धी उरलेली असली तरी. एकाची बाटली दुसऱ्याच्या कानाला नाही, नवरा-बायकोचीसुद्धा नाही. आणि ती डोळ्यांच्या थेंबांशेजारी ठेवू नका. रात्री चष्म्याशिवाय दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात.